मुलांचे वाढते वजन आणि पालकांच्या हातातला मोबाइल

खानापूर तालुक्यातील एका पालकांचा प्रश्न असा आहे. त्यांच्या मुलाला नुकतेच दहावे वर्ष पूर्ण झाले असून त्याची उंची १३८ सेंटिमीटर आणि वजन ४६ किलो आहे. शाळेच्या तपासणीनंतर शिक्षकांनी वजन जास्त असल्याचे कळवले. घरी मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये हेच आकडे भरले तेव्हा हिरव्या रंगात ‘सामान्य’ असे उत्तर आले, दुसऱ्या अ‍ॅपने रोज १२०० कॅलरींचा आहार ठरवून दिला, आणि आजींचे म्हणणे असे की खात्यापित्या घरचे मूल आहे, वाढत्या वयात अंग धरणारच. आता कोणते अ‍ॅप घ्यावे, मनगटावर बांधायचा बँड आणून द्यावा का, की मुलाचा मोबाइलच काढून घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे. बेळगावात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना शहापूर-टिळकवाडीपासून निपाणी-चिकोडीपर्यंतचे पालक हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी त्या हिरव्या रंगाविषयी, कारण नुकसान तिथूनच सुरू होते. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. तुमच्या मुलाचा तो २४.२ येतो. प्रौढ माणसासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पट्टीवर १८.५ ते २४.९ हा सामान्य टप्पा आहे आणि अ‍ॅपने तीच पट्टी मुलाला लावली. वाढत्या वयातील मुलांचा बीएमआय मात्र वय आणि मुलगा की मुलगी हे पाहिल्याशिवाय वाचताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या तक्त्यानुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलासाठी १८.५च्या वर जादा वजन आणि २१.४च्या वर स्थूलता धरली जाते, म्हणजे तुमचा मुलगा स्पष्टपणे स्थूलतेच्या गटात आहे आणि शाळेने कळवले ते योग्यच होते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या संघटनेने २०१५ साली भारतीय मुलांच्या मोजमापांवरून ५ ते १८ वयोगटासाठी वेगळे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांतली जादा वजनाची रेघ अठराव्या वर्षी प्रौढांच्या २५ ऐवजी २३ला आणि स्थूलतेची ३० ऐवजी २७ला जाऊन मिळेल अशी आखलेली आहे, कारण आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी बीएमआयलाच सुरू होतो. तेव्हा कोणतेही साधन वापरण्यापूर्वी ते मुलाची जन्मतारीख आणि लिंग विचारते का, एवढे पाहावे. विचारत नसेल तर ते मुलांसाठी नाही.

दुसऱ्या अ‍ॅपचे उत्तर तर अधिक धोक्याचे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशींत १० ते १२ वर्षांच्या मुलाची दिवसाची ऊर्जेची गरज सरासरी २२२० किलोकॅलरी (बोलताना आपण जिला नुसते कॅलरी म्हणतो तीच) धरली आहे. त्या मुलाला १२०० वर आणणे म्हणजे त्याचा आहार गरजेच्या जवळजवळ निम्म्यावर आणणे. अशा आहाराने वजन काही आठवडे उतरते, पण त्याच काळात हाडे, स्नायू आणि उंची यांच्या वाढीला लागणारे प्रथिन आणि कॅल्शियमही कमी पडते, मूल चिडचिडे होते आणि लपून खाऊ लागते. मी स्वतः या वयातील मुलांना कॅलरी मोजायला कधीच सांगत नाही. जेवणाच्या ताटाकडे आकडा म्हणून पाहण्याची सवय एकदा लागली की ती पुढे किशोरवयात खाण्याच्या विकारांकडे नेऊ शकते, आणि मुलींच्या बाबतीत तर हे भय मला जास्तच वाटते.

मग उद्दिष्ट काय ठेवावे? या वयात मुले वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतात. वजन उतरवण्याऐवजी ते आहे तिथे थोपवून धरले, तर उंचीच आपले काम करते. समजा, पुढच्या वर्षी उंची १४४ झाली आणि वजन ४६च राहिले, तर बीएमआय २२.२ होईल, अकरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलासाठी स्थूलतेची रेघ २२.५वर असते, म्हणजे एक किलोही न उतरवता मूल त्या गटातून बाहेर आलेले असेल. हे गणित मी पालकांना कागदावर मांडून दाखवतो, कारण ‘दोन महिन्यांत दहा किलो’ अशा जाहिराती पाहून आलेल्या आईवडिलांचा जीव त्याने खरोखर भांड्यात पडतो. ज्यांची स्थूलता फार पुढे गेली आहे किंवा ज्यांना तिच्यामुळे दुसरे आजार जडले आहेत, त्यांना वजन प्रत्यक्ष उतरवावे लागते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

डिजिटल साधनांचा पहिला खरा उपयोग इथे आहे: दीर्घ काळाची नोंद ठेवणे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, सकाळी, त्याच काट्यावर, कडक फरशीवर काटा ठेवून वजन घ्यावे. उंची तीन महिन्यांतून एकदा, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून आणि डोक्यावर जाड पुस्तक आडवे धरून मोजावी. हे आकडे वाढीचा तक्ता काढून देणाऱ्या अ‍ॅपमध्ये पालकांनी भरावेत आणि ते अ‍ॅप पालकांच्याच मोबाइलमध्ये असावे. एका नोंदीला अर्थ नसतो. सहा-आठ नोंदींनंतर रेघ वर चढते आहे, सपाट झाली आहे की खाली वळली आहे, हे दिसते आणि डॉक्टरांना नेमके तेच हवे असते. रोज वजन करू नये, कारण पोट साफ झाले की नाही, मुलाने पाणी किती प्यायले, यावरही काटा हलतो आणि घरात विनाकारण ताण येतो. शरीरातील चरबी टक्क्यांत दाखवणारे ब्लूटूथचे काटे बाजारात मिळतात, पण मुलांच्या बाबतीत त्यांच्या आकड्यावर विसंबू नये. त्यापेक्षा शिंप्याची टेप घ्यावी: कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, म्हणजे तुमच्या मुलासाठी ६९ सेंटिमीटरच्या आत.

आहाराच्या नोंदीसाठी मी पालकांना कॅमेरा वापरायला सांगतो, कॅलरीचे अ‍ॅप नाही. शाळेचे दोन दिवस आणि सुटीचा एक दिवस, असे तीन दिवस मूल जे जे खाईल-पिईल त्याचा वाढून झाल्यावर एक आणि उरले असेल तर नंतर एक, असे फोटो काढावेत आणि ते आहारतज्ज्ञांना दाखवावेत. ताटाचा फोटो पाहून आपोआप कॅलरी सांगणारी साधने आता आली आहेत, परंतु आमटीवर किती तेल तरंगते आहे आणि भाकरीला आतून लोणी लावले आहे की नाही, हे कॅमेऱ्याला दिसत नाही; शिवाय आपल्याकडची आंबोळी, आपला कुंदा किंवा गोकाकचा करदंट यांची नोंद त्या साधनांच्या यादीत बहुधा नसते आणि मग ती जवळचे म्हणून भलतेच काहीतरी धरतात. माणसाने फोटो पाहिला तर तो पुढचा प्रश्न विचारतो. फोटोंच्या अशा मालिकांमध्ये मला दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात क्वचितच मोठी चूक दिसते. भाकरी, उसळ, भात, आमटी हे आपले जेवण चांगले आहे. अडचण असते ती संध्याकाळी चार ते सातच्या दरम्यान: शाळेतून आल्यावर बेकरीतली खारी आणि क्रीमचा बन, रंगीत पाकिटातले कुरकुरे, आणि त्याबरोबर थंड पेय. २५० मिलिलिटरच्या एका गोड थंड पेयात पाच-सहा चमचे साखर असते, आणि ती पोटात गेल्याचे मुलाच्या भुकेला जाणवतही नाही.

इथे आणखी एक साधन सांगतो, जे प्रत्येक घरात आहे पण या कामासाठी कोणी वापरत नाही, ते म्हणजे यूपीआयचा महिन्याचा हिशेब. हल्ली मुले कोपऱ्यावरच्या दुकानात आईचा मोबाइल घेऊन जातात आणि कोड स्कॅन करून येतात. रोख पैसे हातातून गेल्याचे जसे लक्षात राहते तसे हे राहत नाही. वडगावच्या एका आईने माझ्यासमोर बसून हा हिशेब उघडला आणि बोटाने वर सरकवत नेला. वीस रुपये, तीस रुपये, पुन्हा वीस रुपये, तीच बेकरी, तीच संध्याकाळची वेळ, आठवड्यातले पाच दिवस. मुलगा बाहेरचे फारसे खात नाही, असे त्या मनापासून सांगत होत्या आणि त्यांचे चुकलेही नव्हते, कारण प्रत्येक वेळची खरेदी खरोखरच लहान होती. त्यांनी मुलाला एका शब्दाने दोष दिला नाही. शाळा सुटायच्या वेळी घरात उकडलेले रताळे, शेंगा किंवा फोडणीचे चिरमुरे तयार ठेवायचे आणि मोबाइलचा पिन मुलांना सांगायचा नाही, एवढे दोनच बदल केले. आपल्या बेळगाव भागात रताळी मुबलक पिकतात, ती उपवासापुरतीच का राहावीत?

आता मोबाइलच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तो उपायाबरोबरच कारणाचाही भाग आहे, आणि हे बोलल्याशिवाय अ‍ॅपची चर्चा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पडद्यासमोर बसून खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, त्यामुळे दोन घास जास्तच जातात. व्हिडिओंच्या मधे खाण्याच्या पाकिटांच्या जाहिराती येतात, आणि अनेकदा व्हिडिओ हीच जाहिरात असते. रात्री अंथरुणात मोबाइल असला की झोप तुटते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते आणि ती कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक, विशेषतः गोडाची, वाढते. म्हणून नवे अ‍ॅप घेण्यापूर्वी मोबाइलमध्ये आधीच असलेली बंधने वापरावीत. अँड्रॉइडवर गूगलचे फॅमिली लिंक आणि आयफोनवर स्क्रीन टाइम या सोयी विनामूल्य आहेत. त्यांतून दिवसाची मर्यादा ठरवता येते, रात्री ठरलेल्या वेळी मुलाचे यंत्र आपोआप बंद होते आणि नवे अ‍ॅप पालकांच्या परवानगीशिवाय उतरत नाही. घरपोच खाणे मागवण्याच्या अ‍ॅपमधून साठवलेले कार्ड काढून टाकावे. मोबाइल पूर्ण काढून घेण्याच्या मी विरोधात आहे, कारण शाळेचा गृहपाठही त्यावरच येतो आणि हिसकावून घेतलेली वस्तू मूल दुसऱ्याच्या घरी जाऊन शोधते. मात्र जेवणाच्या वेळी पडदा नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू करावा, वडिलांच्या बातम्यांना आणि आजींच्या मालिकेलासुद्धा. तो एकट्या मुलाला लावला तर चार दिवसही टिकत नाही.

मनगटी बँडविषयी माझे मत मध्यम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी अशी आहे, आणि शाळेच्या व्हॅनने खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करणाऱ्या मुलाच्या दिवसात ही ६० मिनिटे कुठे बसतात, हे पाहायला बँडचा उपयोग होतो. पण सायकल चालवताना किंवा पोहताना तो पावले मोजत नाही, आणि नवलाई ओसरली की बहुतेक बँड खणात जाऊन पडतात. ज्या घरात आईवडीलही आपली पावले मोजतात आणि रविवारी सगळे मिळून येळ्ळूरचा राजहंसगड चढतात, तिथे तो टिकतो. बँडपेक्षा गल्लीतली तालीम, मैदान आणि खेळणारे सवंगडी यांचा परिणाम मोठा असतो. याला एक अपवाद पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, आणि खानापूर-जांबोटी पट्ट्यात तर जास्तच, मुलांना घराबाहेर काढणे कठीण होते आणि वर्षातली वजनवाढ अनेकदा याच महिन्यांत झालेली दिसते. या दिवसांत टीव्हीवर नृत्याचा, सूर्यनमस्कारांचा किंवा लेझमीचा व्हिडिओ लावून घरच्यांनी मिळून वीस-वीस मिनिटे दोनदा घाम गाळला, तर तोच पडदा कामाचा ठरतो.

सीमाभागात भाषेची अडचणही लक्षात घ्यावी लागते. सरकारी आरोग्यसंदेश कन्नडमध्ये येतात, अ‍ॅप इंग्रजीत असतात, मूल इंग्रजी माध्यमात शिकते आणि स्वयंपाक करणाऱ्या आजी मराठीत विचार करतात. छापील आहारतक्ता फ्रिजवर चिकटतो आणि तिथेच राहतो. म्हणून मी तपासणीनंतर आजींच्या नावाने मराठीत दोन मिनिटांचा आवाजी निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, कन्नड घर असेल तर कन्नडमध्ये. त्यात त्या आठवड्यापुरती एकच गोष्ट असते: दुधातली साखर निम्मी करा, किंवा नातवाच्या मागे लागून शेवटची भाकरी वाढू नका. ‘आजी’ असे संबोधून डॉक्टर स्वतः बोलले की त्या तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकतात आणि शेजारच्यांनाही ऐकवतात. घरात कोणाचा शब्द चालतो हे ओळखून त्या माणसापर्यंत पोचण्याला मी फार महत्त्व देतो.

आणि दूरवरच्या भेटी. अमेरिकेतील प्रतिबंधात्मक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञगटाने २०२४ साली सहा वर्षांपुढील स्थूल मुलांसाठी वर्षभरात किमान २६ तास प्रत्यक्ष मार्गदर्शन देणाऱ्या कार्यक्रमांची शिफारस केली. याचा अर्थ असा की परिणाम माणसाच्या सततच्या संपर्काने होतो. कणकुंबीकडच्या कुटुंबाने दर पंधरा दिवसांनी मजुरी किंवा रजा बुडवून बेळगावला यावे, ही अपेक्षा योग्य नाही. पहिली तपासणी मात्र समोरासमोरच व्हावी, कारण रक्तदाब, यकृताचा आकार आणि वयात येण्याची लक्षणे पडद्यावरून तपासता येत नाहीत. त्यानंतरच्या बहुतेक भेटी व्हिडिओवरून होऊ शकतात. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची नियमावली जाहीर केल्यापासून याला स्पष्ट आधार आहे आणि ई-संजीवनी ही सरकारी सेवा विनामूल्य उपलब्ध आहे. निपाणीकडचे अनेक पालक कधी बेळगावला तर कधी कोल्हापूरला दाखवतात, त्यांनी सर्व तपासण्यांचे कागद मोबाइलमध्ये एकाच ठिकाणी तारखेनुसार ठेवावेत, म्हणजे राज्य बदलले तरी तीच रक्ततपासणी पुन्हा करावी लागत नाही.

एक सावधगिरी मी आग्रहाने सांगतो. मुलाचे वजन ही त्याची खासगी माहिती आहे. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीने २०१९ साली ८ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी ‘कर्बो’ नावाचे वजनाचे अ‍ॅप आणले होते. पालकांच्या परवानगीविना तेरा वर्षांखालील मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाबरोबरच्या तडजोडीत कंपनीला १५ लाख डॉलर दंड भरावा लागला आणि ती माहिती पुसावी लागली. आपल्याकडील २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानतो. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वजनाची यादी टाकणे, नातेवाइकांच्या गटात आधीचा-नंतरचा फोटो फिरवणे, हे चुकीचे आहे. मूल त्या दिवसापासून पटांगणावर जाणे टाळते आणि घरी बसून आणखी खाते.

शेवटी, ज्या गोष्टींसाठी कोणत्याही अ‍ॅपची वाट पाहू नये त्या सांगतो. मानेवर आणि काखेत काळसर, जाडसर, मखमलीसारखी त्वचा दिसत असेल तर तो मळ नाही. अनेक आया दगडाने घासून ती सोलवटतात, परंतु ती शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते आणि उपाशीपोटी साखर, चरबी व यकृताची तपासणी करावी लागते. मूल स्थूल आहे पण त्याची उंची वाढणे थांबले आहे, असे नोंदीत दिसले तर थायरॉइड किंवा अन्य संप्रेरकांचा विचार करावा लागतो. उंची व्यवस्थित वाढत असेल तर तशी शक्यता फारच कमी असते, त्यामुळे केवळ समाधानासाठी थायरॉइडची तपासणी पुन्हा पुन्हा करू नये. मूल रात्री मोठ्याने घोरत असेल आणि मधेच श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर त्याच्या झोपेचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ छाती आणि तोंड दोन्ही दिसतील असा काढून आणावा. पालकांच्या तोंडी वर्णनापेक्षा तो मला कितीतरी जास्त सांगतो. एकाएकी खूप तहान, वारंवार लघवी आणि खात असूनही वजन उतरू लागणे, असे एकत्र दिसले तर व्हिडिओवरच्या भेटीची वेळ न घेता त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जाऊन रक्तातील साखर तपासून घ्यावी.